जावळाची चांदी आणि आईचे केस

अकीक्याला बाळाचं जावळ काढतात, ते केस कागदात जपून गुंडाळतात आणि त्यांच्या वजनाइतकी चांदी, किंवा तिची रक्कम, गरिबाला देतात. सुंदर सुन्नत आहे. पण त्यानंतर तीनेक महिन्यांनी त्याच घरात न्हाणीच्या जाळीत आईच्या केसांचा गुंता अडकतो, तेव्हा घरचे म्हणतात, "नळ तुंबला, केस काढ."

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका यावर एक ठरलेलं वाक्य बोलतात, "बच्चा पैचानने लगा तो माँ के बालाँ झड़तेच." मराठी शेजारणीही हेच सांगतात, बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात. या म्हणण्याला मी हसत नाही. निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त कारण चुकलं आहे. बाळ हसू-ओळखू लागतं तो काळ आणि केस गळू लागतात तो काळ साधारण एकच, म्हणून दोन्हीची गाठ मारली गेली.

खरं कारण असं. डोक्यावरचे बहुतेक केस एरवी वाढीच्या अवस्थेत असतात, थोडे विश्रांतीत असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहतात. गळायचे तेही टिकून राहतात, म्हणून वेणी दाट दिसते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि खोळंबलेले केस एकदम विश्रांतीत जातात. दोन-चार महिन्यांनी ते मुठीमुठीने हातात येतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. मुळं शाबूत असतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक जणींचे केस सावरतात. कपाळावर छोटे उभे केस दिसू लागले की समजावं, नवे येताहेत.

हे एवढं जरी कोणी वेळेवर सांगितलं तरी निम्मी भीती जाईल. पण सांगतं कोण? नव्या आईला कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं डोक्याला तेल नाही. आणि ओढणी घेणाऱ्या मुलीला हमखास ऐकवलं जातं, "झाकलेलेच तर असतात, कोण बघतंय?" या वाक्याचा मला राग येतो. ओढणी लोकांच्या नजरेसाठी आहे. आरशात तिचं तिला दिसतंच ना? रात्र रात्र जागणाऱ्या, अंगाचा आकार बदललेल्या बाईला भांगाची रेघ रुंदावलेली दिसते, तेव्हा तिचं मन खचतं. त्याला नखरा म्हणू नये.

दुसरीकडे, "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देणंही मला पटत नाही, कारण त्या आडोशाला अशक्तपणा लपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. केस गरोदरपणातच गळत असतील, बाळंतपणानंतर वर्ष उलटूनही थांबत नसतील, जागोजागी टक्कल दिसत असेल, सोबत धाप, धडधड, सारखा थकवा असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला हवं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं काही दुर्मीळ नाही.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. यातला दुसरा हप्ता बहुतेक घरांत फडताळातच पडून राहतो. बाळ झालं, आता कशाला गोळ्या! ज्या घेतात त्यांतल्या काही चहाबरोबर घेतात, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-दूध तासा-दोन तासांनी. हरीरा, अळिवाचे लाडू जरूर खावेत, पण ते गोळीच्या जागी नव्हेत. केसांसाठी बायोटिनच्या महागड्या बाटल्या घेणाऱ्यांनी तपासणीआधी डॉक्टरांना तसं सांगावं, बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. मिनॉक्सिडिल गरोदरपणात नको, आणि दूध पाजताना मनाने तर मुळीच लावू नये. कांद्याचा रस, अंडं, मेंदी यांबद्दल मी भांडणार नाही, फक्त ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधून वर दिवसभर ओढणी आवळणं टाळा.

रमजानचंही बोलायला हवं. गरोदर किंवा पाजत्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल, तर रोजे पुढे ढकलायची सवलत शरीयतनेच दिली आहे. तरी घरात सगळे रोजे धरतात म्हणून अशक्त मुलगी लाजेपोटी धरते आणि कोणी तिला अडवत नाही. सवलत अल्लाहने दिली, ती वापरायला सासूची परवानगी का लागावी? अकीक्याच्या जेवणावळीला हजारो रुपये जातात. त्यातून आईच्या रक्ततपासणीचे काही शे रुपये बाजूला काढायचं काम मी नवऱ्यावर टाकते. तिने मागायची वाट बघू नका, पाजत्या बाईला स्वतःसाठी मागायची सवय कोणी लावलेलीच नसते.