नट आवळतानाच सोडवण्याचा विचार



काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गव्हाचे दाणे चिकात होते, शेवटची दोन पाणी द्यायची राहिली होती आणि विहिरीतली मोटर एका सकाळी नुसतीच गुरगुरू लागली. मोटर वर काढायची म्हणजे चेनकुप्पी, चार माणसे आणि एक दिवस, असा आमचा हिशेब. पाइपांचे तीन जोड, प्रत्येक जोडाला चार बोल्ट. पहिलाच नट हलेना. रॉकेल ओतले, हातोडीने ठोकून पाहिले, शेवटी पान्याला चार फुटी पाइप अडकवून जोर लावला. बोल्ट मानेतून तुटला आणि पान्यावर ओणवा झालेल्या माझ्या धाकट्या भावाचा हात फ्लँजवर आदळला. दोन बोटांना टाके पडले. उरलेले बोल्ट कापायला तालुक्याहून गॅसकटरवाला बोलावला, तो दुसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशी पाणी सुरू झाले, तोवर उंचवट्यावरचा गहू चिमून गेला होता.

आता यात दोष कोणाचा? बोल्ट बनवणाऱ्याचा नाही, गॅसकटरवाल्याचा तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी ते बारा बोल्ट मीच कोरडे आवळले होते.

लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमध्ये मुळात कागदाइतकी फट. ती गंजाने भरली, की नट आणि बोल्ट यांचा एकच गोळा होतो. साधे ग्रीस काही दिवस उपयोगी पडते, मग पाण्याने धुपते किंवा उष्णतेने जळते. यावर उपाय म्हणून एक जाड लेप मिळतो, त्याला अँटीसीझ पेस्ट म्हणतात. ही म्हणजे तेल किंवा ग्रीस आणि त्यात कालवलेली अगदी बारीक पूड. पूड तांब्याची, ॲल्युमिनियमची, जस्ताची, निकेलची, ग्रॅफाइटची किंवा मोलिब्डेनम डायसल्फाइड नावाच्या काळ्या पदार्थाची असते. धातू मुळीच नसलेली पांढरी पेस्टही मिळते. तेल उडून गेले तरी पूड आट्यांत राहते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरू देत नाही. खरे काम त्या पुडीचे असते.

आणि म्हणूनच एकच डबा आणून सगळीकडे फासला, तर कधी फायद्याऐवजी तोटा होतो. मीही तेच केले. त्या गव्हाच्या फजितीनंतर तांब्याच्या पेस्टचा डबा आणला आणि मोटरीपासून खताच्या पेरणी यंत्रापर्यंत दिसेल त्या बोल्टला लावत सुटलो. पेरणी यंत्राने पुढच्याच हंगामात मला शहाणे केले. ते पुढे सांगतो.

आधी तांब्याची पेस्ट जिथे शोभते तिथले पाहू. ट्रॅक्टरच्या किंवा डिझेल इंजिनच्या सायलेन्सरचे आणि मॅनिफोल्डचे स्टड ही तिची हक्काची जागा. तिथे इतके तापते की साधे ग्रीस जळून त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळसाच नट धरून ठेवतो. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला, त्यामुळे तिथे ते टिकते. बिडाला आणि साध्या लोखंडाला ते चालते. याच जागी जस्ताची पेस्ट मात्र लावू नये, कारण जस्त ४१९ अंशांनाच पाणी होते. स्टेनलेसच्या बोल्टवर वितळलेले जस्त गेले, तर तो बोल्ट ठिसूळ होऊन तडकू शकतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ती पेस्ट मध्यम तापणाऱ्या जागांपुरती ठेवावी.

आता पेरणी यंत्राचे. युरिया ओला होऊन कुजला की त्यातून अमोनिया सुटतो, हे वासावरून आपल्याला ठाऊक आहेच. अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो. शिवाय खताच्या खारट ओलीत तांब्याचे कण लोखंडाला चिकटून राहिले, की तांबे शाबूत राहते आणि शेजारचे लोखंड झपाट्याने झिजते. माझ्या यंत्राच्या खतपेटीखालचे बोल्ट हिरवे-काळे होऊन आट्यांसकट खंगले होते. कोरडे ठेवले असते तर कदाचित जास्त टिकले असते! खत लागणाऱ्या यंत्राला धातूविरहित पांढरी पेस्ट बरी. आणि हंगाम संपताच यंत्र स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून, मगच ती लावावी.

पितळेवरून एक जुनी हकीकत आठवली. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात ठेवल्या जागी चिरत असत. कोणी हात लावलेला नाही, आणि भेगा पडलेल्या. काडतुसे साठवली होती घोड्यांच्या तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि पितळेत घडवताना राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते काम केले होते. १९२१ साली संशोधकांनी हे कारण उलगडून दाखवले. आपणही पितळी नळीचा फवारणी पंप गोठ्यातच खुंटीला टांगतो, नाही का? फवाऱ्याच्या पितळी नटांना पेस्टपेक्षा दुसरी जागा अधिक गरजेची आहे. धुऊन, थोडे पेट्रोलियम जेली लावून, तो गोठ्याबाहेर ठेवा.

स्टेनलेसचा प्रकार वेगळाच. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून आणि इतर मार्गांनी सौरपंप शिवारात आले. त्यांच्या सांगाड्याला जस्ताचा मुलामा, पट्ट्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या आणि बोल्ट बहुधा स्टेनलेसचे. स्टेनलेसला गंज चढत नाही, म्हणून लोकांना वाटते की तो जाम होणार नाही. पण स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आणि जोरात फिरवला, तर तो नवा कोरा असतानाच अर्ध्यावर घट्ट बसतो. ना पुढे जातो, ना मागे येतो. या धातूवर एक पातळ संरक्षक थर असतो. घासून तो निघाला की उघडा धातू उघड्या धातूला धरतो, आणि मग कापण्यावाचून इलाज नसतो. यासाठी निकेलची किंवा मोलिब्डेनमची पेस्ट आट्यांना लावावी, नट हाताने सावकाश फिरवावा, मशीनच्या पान्याने भर्रकन नको. बोल्ट हाताला गरम लागला तर थांबावे, गार होऊ द्यावे.

पण त्याच सौरपंपावर तांब्याची किंवा ग्रॅफाइटची पेस्ट वापरू नका. ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्याजवळ ओलीत तांबे किंवा ग्रॅफाइट आले, की बळी जातो तो ॲल्युमिनियमचा आणि जस्ताच्या मुलाम्याचा. हाच नियम ॲल्युमिनियमच्या पंपाच्या कवचात किंवा इंजिनच्या झाकणात लोखंडी बोल्ट बसवतानाही पाळा. तिथे ॲल्युमिनियमची, जस्ताची किंवा पांढरी पेस्ट घ्यावी. मोटरसायकलच्या प्लगबद्दल पुष्कळजण विचारतात. नव्या प्लगच्या आट्यांवर बहुधा मुलामा असतो आणि तो कोरडाच बसवा असे अनेक बनवणारे सांगतात. त्यांचे ऐकावे.

विहिरीचे पाणी घरात पिण्यासाठी येत असेल तर पाइपांच्या जोडांना तांबे, निकेल किंवा शिसे असलेले काहीही लावू नये. पिण्याच्या पाण्याला आणि अन्नाला चालते असे डब्यावर छापलेली पांढरी पेस्टच घ्यावी. पिठाच्या गिरणीलाही तीच. आमच्या वडिलांच्या वेळी आट्यांवर सफेदा आणि सूत गुंडाळत. सफेदा म्हणजे शिशाचा क्षार, विषारी. ती चाल सोडून द्यावी. शिवाय सफेदा गळती थांबवायला होता. अँटीसीझ गळती थांबवत नाही, तिथे पॅकिंग लागतेच. आणखी एक गल्लत होते. आटे चिकटवून टाकणारे एक द्रव लहान बाटलीत मिळते, ते नेमके उलट काम करते. नाव वाचूनच बाटली उचला.

आता जे सांगणार आहे, ते घरातल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्याने दोनदा वाचावे. ट्रॉलीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटांना पेस्ट लावू नका. ग्रीस नको, तेलही नको. याचे कारण असे. आपण पान्याने जो जोर लावतो, त्यातल्या शंभर भागांपैकी जवळजवळ नव्वद भाग घर्षणातच जातात, निम्मे नटाच्या बैठकीखाली आणि बाकीचे आट्यांत. बोल्ट ताणण्यासाठी उरतात जेमतेम दहा. आटे बुळबुळीत केले की घर्षण कमी होते आणि तोच जोर स्टडला कितीतरी जास्त ताणतो. हाताला मात्र नेहमीसारखेच लागते. असा ताणलेला स्टड लगेच तुटत नाही. तो तुटतो उसाने भरलेली ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर, रात्री, मागून मोटरसायकली येत असताना. चाकाच्या नटांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, कोरडेच आवळावेत आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत. बनवणाऱ्याच्या पुस्तकात वेगळे छापले असेल तेवढाच अपवाद.

याच कारणाने, जिथे पेस्ट लावायची तिथेही जोर आवरता घ्यावा. पुस्तकात कोरड्या आट्यांचे माप दिले असेल, तर पेस्ट लावल्यावर साधारण पाव हिस्सा कमी धरण्याचा प्रघात आहे. डब्यावर आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट आम्ही कोरडेच ठेवतो. ते धक्क्यात चालतात आणि पात्यांबरोबर नवेच घालावे लागतात. नांगराच्या फाळाचे मात्र मी पेस्ट लावून बसवतो. यावर मतभेद होऊ शकतो, माझा अनुभव एवढाच.

गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरला, त्याच्या रेग्युलेटरला किंवा नळीच्या नटाला कोणतीही पेस्ट किंवा तेल लावू नये. दाबातल्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडली तर भडका उडतो. नट कितीही घट्ट असो, तिथे तेलकट हातही नको.

लावायची रीत सोपी आहे. जुना गंज ब्रशने काढा, आटे पुसा. डबा ढवळा, कारण पूड तळाला बसलेली असते. मग बोल्टच्या आट्यांना पातळ हात द्या आणि बाहेर आलेली पेस्ट चिंधीने पुसा. तळ बंद असलेल्या भोकात पेस्ट भरू नका. तिला निघायला वाट नसते आणि बोल्ट आवळताना बिडाला तडा जाऊ शकतो. ही पेस्ट म्हणजे ग्रीस नव्हे. बेअरिंगमध्ये गेली तर त्यातली पूडच बेअरिंग खाईल. दोन प्रकारच्या पेस्टी एकत्र करू नका, ब्रशही वेगळे ठेवा.

घरातल्या भगिनींसाठी एक. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटते, पुरळ उठते, त्यांना बहुतेक निकेल सोसत नाही. अशांनी निकेलच्या पेस्टला हातमोज्याशिवाय शिवू नये, आणि तिने माखलेले कपडे इतर कपड्यांत धुऊ नयेत. डबे पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे, स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवावेत.

इतके प्रकार वाचून घाबरायला नको. साध्या शेतकऱ्याच्या घरी दोन डबे पुरतात. तापणाऱ्या लोखंडासाठी तांब्याची, आणि पाणी, खत, ॲल्युमिनियम यांसाठी पांढरी. सौरपंप असेल, तर स्टेनलेसच्या बोल्टसाठी निकेलची छोटी ट्यूब शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावी. दुकानात नुसते ‘जाम न होणारी पेस्ट’ असे मागू नका. बोल्ट कशाचा, तो कशात बसणार आणि तिथे पाणी आहे, खत आहे की आग, हे सांगा. दुकानदाराला माहीत नसेल तर डब्यावरचे वाचून घ्या.

आमच्या विहिरीतले ते बारा बोल्ट आता पांढरी पेस्ट लावून बसवलेले आहेत. गेल्या मे महिन्यात मोटर वर काढली, तेव्हा भावाने साध्या रिंग पान्याने सगळे सोडवले. त्याची दोन बोटे थंडीत अजून आखडतात, म्हणून शेवटचे तीन मी सोडवले.