पहिलं पुस्तक पहिलं कशाला?

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला टेरी प्रॅचेट यांचं ‘द कलर ऑफ मॅजिक’ वाचायला दिलं. डिस्कवर्ल्ड मालिकेतलं हे पहिलं पुस्तक, १९८३ सालचं. आठवड्याने तिने ते परत आणून दिलं. म्हणाली, “खाला, यात हसायचं कुठे तेच कळत नाही.”

चूक तिची नव्हती, माझी होती. शिक्षकाची खोड! धडा पहिला झाल्याशिवाय दुसरा उघडायचाच नाही. त्या पुस्तकातला विनोद जुन्या इंग्रजी अद्भुतकथांची खिल्ली उडवणारा आहे. ज्याने त्या कथाच वाचल्या नाहीत, त्याला हसू कुठून येणार? शिवाय गोष्ट अर्ध्यावर तुटते आणि दुसऱ्या पुस्तकात पुरी होते.

या मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. जग एकच, कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्यांच्यावर पृथ्वीची तबकडी. पण बहुतेक कादंबऱ्या आपापल्या जागी पूर्ण आहेत. आपल्या उर्दूतली ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ नवल किशोर प्रेसने ४६ खंडांत छापली. पण दास्तान ऐकायला बसलेला माणूस पहिल्या खंडाची अट घालत नसे. त्या रात्री जो किस्सा रंगला, तिथूनच त्याची सुरुवात.

मग सुरुवात कुठून करावी? माझं मत स्पष्ट आहे, १९८९ च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून. अंख-मोरपोर्क नावाचं बकाल शहर, तिथला रात्रीचा पहारा आणि त्यांचा दारूडा कप्तान सॅम व्हाइम्स. शहरात चोरांचीसुद्धा अधिकृत संघटना आहे, त्यामुळे पोलिसांना कोणी विचारत नाही. अशात एक ड्रॅगन येतो, आणि ज्याची कोणी पर्वा करत नव्हतं तो माणूस उभा राहतो. हा विनोद समजायला आधी काहीही वाचलेलं लागत नाही. सरकारी कचेरीत एकदा रांग लावलेली असली की पुरे.

पुढे ‘मेन अ‍ॅट आर्म्स’, ‘फीट ऑफ क्ले’ आणि मग १९९७ चं ‘जिंगो’. माझा खरा आग्रह या चौथ्या पुस्तकासाठी आहे. समुद्रातून एक ओसाड बेट वर येतं आणि दोन देश त्यासाठी लढायला निघतात. वर्षानुवर्षं शहरात खानावळ चालवणारं क्लॅच देशाचं कुटुंब एका रात्रीत ‘त्यांच्यातलं’ ठरतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले होते.

पण प्रॅचेट तिथेच थांबत नाहीत. व्हाइम्स भला माणूस. कट आपल्याच लोकांचा असणार, परके निर्दोषच असणार, असं तो धरून चालतो. हाही पूर्वग्रहच, हे त्याला ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्याला सरसकट गुन्हेगार मानू नये, तसंच सरसकट बिचाराही मानू नये. त्याला माणूस मानावं, भला-बुरा, जसा असेल तसा. आमच्याबद्दल लिहिणाऱ्या कितीतरी सज्जनांना हे अजून उमगलेलं नाही.

‘जिंगो’ थेट हाती घेतलंत तरी कळेल. पण गटारात पडलेला व्हाइम्स आधी पाहिलेला असेल, तर त्याची चूकही आपली वाटते.

भाचीला यंदा ‘गार्ड्स! गार्ड्स!’ दिलं. ते अजून परत आलेलं नाही. पुढचं कधी देणार, एवढंच विचारते.