कर्नलला वेगाचे वावडे का?

‘जीसीसी’ या मुक्त कम्पायलरची बारावी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि ‘ओ-२’ या नेहमीच्या पातळीवरच आपोआप व्हेक्टरायझेशन सुरू झाले. एकेक आकडा उचलून करावयाची क्रिया चार-आठ आकड्यांवर एकाच वेळी उरकण्याची ही हातोटी. त्यासाठी प्रोग्रामरला वेगळे काही लिहावे लागत नाही. लिनक्सचा कर्नलही सामान्यतः याच पातळीवर तयार होतो. तरीही हा लाभ त्याने जाणूनबुजून नाकारला आहे.

हा नकार सनातनीपणाचा नव्हे, हिशेबाचा आहे. व्हेक्टर रजिस्टरांत आपण वापरत असलेल्या प्रोग्रामचे आकडे असतात. फाइल वाचण्यासारख्या प्रत्येक विनंतीसरशी ताबा कर्नलकडे जातो. त्याने ती रजिस्टरे वापरायची, तर आतील मजकूर आधी जपून ठेवायला हवा. एसएसईच्या काळात हे ओझे १६ रजिस्टरांचे, म्हणजे २५६ बाइटचे होते. एव्हीएक्स-५१२ मध्ये ते ३२ रजिस्टरांचे, २०४८ बाइटचे झाले. छोट्याशा लूपमध्ये वाचवलेला वेळ या सामानाच्या ने-आणीतच खर्ची पडणार! आणि जपणूक राहून गेली, तर कोणाच्या तरी हिशेबातील आकडा निमूटपणे बदलेल. ही जपणूक पुढे ढकलण्याची युक्तीही करून झाली होती. मात्र इंटेलच्या प्रोसेसरांवर तिच्यामुळे एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याच्या हाती लागू शकतो, हे २०१८ मध्ये उघड झाले. म्हणूनच एक्स-८६ साठी कर्नल बनवताना कम्पायलरला एसएसई आणि एव्हीएक्स वापरण्यास स्पष्ट मनाई केली जाते.

अपवाद आहेत. रेडमधील डिस्कांचा ताळा, सांकेतिकीकरण अशा जड कामांसाठी कर्नल या रजिस्टरांची रीतसर जपणूक करतो आणि मग तेथे बहुधा हाताने लिहिलेला कोड चालतो. एआरएमवर मात्र २०१३ मध्ये रेडच्या ‘एक्सऑर’ गणितासाठी खास एका फाइलपुरता कम्पायलरवर विश्वास टाकण्यात आला. तेथेही गंमत अशी, की जीसीसीच्या ४.६ पूर्वीच्या आवृत्त्यांना त्या लूपमधील समांतरता ओळखताच येत नसे. उत्तर बरोबर यायचे, पण तयार होणारा कोड आधीच्या हस्तलिखित कोडपेक्षाही मंद असायचा. चूक कोठेच दिसत नसल्याने लेखकांना जुन्या कम्पायलरविषयीचा इशारा त्या फाइलमध्येच घालून ठेवावा लागला.