यंत्राचा धनी कोण?

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं आज असा क्वचितच कोणी असेल कीं, ज्याच्या घरांत एक तरी फोन अथवा संगणक नाहीं. हें यंत्र पैसे मोजून आणलेलें असतें. पावतीवर वडिलांचें नांव असतें. तें घरच्या मेजावर किंवा खिशांत राहतें. तेव्हां त्याचा धनी कोण, हा प्रश्न विचारणें प्रथमदर्शनीं वेडगळपणाचें वाटेल. परंतु गेल्या दहा-अकरा वर्षांत जगांत व आपल्या देशांत ज्या गोष्टी घडल्या, त्या पाहिल्या म्हणजे हा प्रश्न तितकासा वेडगळ राहत नाहीं. त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या यंत्राचे दोन भाग असतात. एक धातूचा व कांचेचा, जो आपण हातांत धरतों. आणि दुसरा, त्याचा सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पहिला भाग आपण विकत घेतों. दुसरा बहुधा विकत मिळत नाहीं. तो वापरण्याची केवळ परवानगी मिळते, आणि तिच्या अटी कंपनी ठरविते. आपण 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवतों, तेव्हां हाच करार होत असतो.

रत्नागिरी जिल्ह्यांतील वाचकांस ही व्यवस्था समजावयास कठीण जाऊं नये. आपल्या आजे-पणज्यांनीं खोती पाहिली आहे. जमीन कुळानें कसावी, बांध त्यानें घालावा. परंतु पिकाचा वांटा किती द्यावयाचा व कोणत्या अटीवर राहावयाचें, हें खोतानें ठरवावें, अशी ती रीत होती. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ती नष्ट करण्यासाठीं विधेयक आणिलें, आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें ती मोडली. कुळाच्या हालअपेष्टांशीं आजच्या गैरसोयीची बरोबरी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. साम्य आहे तें एवढेंच कीं, करार एकच बाजू लिहिते, आणि मनास येईल तेव्हां तीच बाजू तो बदलते. येथें पिकाच्या जागीं आपली माहिती आहे: यंत्र केव्हां चालू झालें, त्यावर काय काय उघडलें, किती वेळ वापरलें, कोठें बिघडलें.

उदाहरण घेऊं. २९ जुलै २०१५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ही आवृत्ति बाहेर काढली, व विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांस ती एक वर्षपर्यंत फुकट देऊं केली. देणगी चांगली होती. परंतु ती नाकारण्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होत गेली. २०१६ च्या मे महिन्याच्या सुमारास तर असें झालें कीं, पडद्यावर आलेली सूचना घालविण्यासाठीं कोपऱ्यांतील फुली दाबली, तरी ठरलेल्या वेळीं आवृत्ति बदलण्यास आपला होकार आहे असें धरलें जाऊं लागलें. फुली म्हणजे 'नको', हें निरक्षर मनुष्यासहि कळतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, न मागतां झालेल्या या बदलानें संगणक निकामी झाला, म्हणून एका व्यावसायिक बाईंनीं कंपनीवर दावा लाविला व १०,००० डॉलर मिळविले. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेंहि फुलीच्या बाबतींत मर्यादा ओलांडली गेल्याचें मान्य केलें.

त्याच सुमारास, जुलै २०१६ मध्यें, फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानें या कंपनीस दिलेली नोटीस जाहीर झाली. विंडोज १० गरजेपेक्षां अधिक माहिती गोळा करते, आणि जाहिरातींसाठीं दिलेला ओळखक्रमांक न विचारतां आरंभापासूनच चालू ठेवलेला असतो, असे आक्षेप तींत होते. कंपनीनें सुधारणा केल्या. किमान आवश्यक म्हणून घेतली जाणारी माहिती जवळजवळ निम्म्यावर आली, आणि जून २०१७ मध्यें आयोगानें प्रकरण मिटविलें. यांतून घेण्यासारखा बोध असा: जी माहिती काल अत्यावश्यक म्हणून घेतली जात होती, तींतील निम्मी न घेतांहि यंत्रें सुरळीत चालत राहिलीं.

या वादास दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आज्ञावलींत छिद्रें राहतात, त्यांतून दुष्ट लोक आंत शिरतात, व तीं बुजविणें अवश्य असतें. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाचा विषाणु जगभर पसरला. तो ज्या छिद्रांतून शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती घेतली नव्हती त्यांचीं यंत्रें बंद पडलीं, आणि इंग्लंडांतील रुग्णालयांतून रोग्यांस परत जावें लागलें. म्हणून 'मला कोणतीच दुरुस्ती नको' असें म्हणणारा मनुष्य स्वतःबरोबर शेजाऱ्यासहि धोक्यांत घालतो, हें कंपन्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

परंतु पुढच्याच महिन्यांत काय झालें तेंहि पाहा. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा दुसरा विषाणु सुटला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाजकंपनी त्याच्या तडाख्यांत सांपडली, आणि आपल्या कोंकणच्याच उत्तरेस, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांत, तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचें काम विस्कळित झालें. हा विषाणु आला कोठून? युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या अपडेटमधून! दुरुस्ती पाठविण्याचा मार्गच शत्रूनें हस्तगत केला होता. जें दार वैद्यासाठीं उघडें ठेवलें, त्यांतूनच चोर आंत आला. यावरून दुरुस्ती नको असें ठरत नाहीं. परंतु दुरुस्ती देणाऱ्यावर डोळे मिटून विसंबावें, असेंहि ठरत नाहीं.

आमच्या मतें घोटाळ्याचें मूळ असें आहे कीं, तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच गांठोड्यांत बांधून आपल्या दारांत ठेवल्या जातात. पहिली, सुरक्षिततेची दुरुस्ती. ती वेळेवर मिळावी व घ्यावी. दुसरी, नवी आवृत्ति व नवी मांडणी. ती ज्याच्या त्याच्या आवडीचा व सोयीचा प्रश्न आहे. तिसरी, आपली माहिती. ती मागितल्यावांचून घेऊं नये. पहिलीच्या भीतीनें मनुष्य गांठोडें उचलतो, आणि दुसरी व तिसरी आपोआप घरांत येतात.

ताजें उदाहरण पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रांत असावी लागते, त्यामुळें पुष्कळ धडधाकट जुने संगणक तिच्यास अपात्र ठरले. घरगुती ग्राहकांस एक वर्षाची मुदतवाढ देऊं केली गेली, ती अशी: ३० डॉलर भरावे, किंवा कंपनीचे बक्षीस-गुण खर्च करावे, किंवा आपल्या यंत्राच्या मांडणीची प्रत कंपनीच्या खात्यांत ठेवावी, म्हणजे कांहीं पडणार नाहीं. आपल्या माहितीस किंमत ती काय, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें दरपत्रक अवश्य वाचावें. आणखी एक गोष्ट. विंडोज ११ च्या, मोठ्या संस्थांसाठीं व शाळांसाठीं केलेल्या आवृत्त्यांत यंत्राच्या प्रकृतीची माहिती धाडणें सर्वस्वीं बंद करतां येतें. घरगुती आवृत्तींत तें कमी करतां येतें, बंद करतां येत नाहीं. यंत्र तेंच, आज्ञावली जवळजवळ तीच. मग मोठ्या कचेरीस जी सवलत देतां येते, ती घरच्या मनुष्यास कां देतां येऊं नये? याचें कारण यंत्रशास्त्रांत सांपडणार नाहीं.

दोष केवळ परदेशी कंपन्यांचा आहे असेंहि नाहीं. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आज्ञेनें भारत सरकारच्या दूरसंचार विभागानें 'संचार साथी' हें अॅप प्रत्येक नव्या फोनांत आधींच बसवून द्यावें, आणि बाजारांत पोंचलेल्या फोनांत अपडेटच्या द्वारें घालावें, असें उत्पादकांस फर्माविलें. चोरीचे फोन शोधणें व फसवणूक रोखणें हा हेतु चांगला होता, आणि स्वेच्छेनें तें घेणारे पुष्कळ होते. परंतु सक्तीविरुद्ध देशभर ओरड झाली, व ३ डिसेंबर रोजीं सक्ति मागें घेण्यांत आली. चांगल्या वस्तूसहि दार ठोठावूनच आंत यावें लागतें, हा धडा त्या पांच-सहा दिवसांनीं दिला.

कोणी म्हणतात, 'आमच्यापाशीं लपविण्यासारखें आहे तरी काय?' या प्रश्नाचें उत्तर शहरांतील थिबा राजवाडा देईल. ब्रह्मदेशचा हा राजा १८८५ सालीं पदच्युत झाला व १९१६ मध्यें मरेपर्यंत रत्नागिरींत सरकारी देखरेखीखालीं राहिला. राहावयास वाडा होता, तनखा होता. आपल्या मनाप्रमाणें वागण्याची मोकळीक तेवढी नव्हती. त्या राजास निदान पहारा कोणाचा आहे हें ठाऊक होतें. घरास दार असतें तें आंत चोऱ्या चालतात म्हणून नव्हे. कोण पाहत आहे याची चिंता न करतां मनुष्यानें वाचावें, शंका विचाराव्या, चुका कराव्या व सुधाराव्या, यासाठीं तें असतें. आणि वाढत्या वयाच्या मुलांस त्याची गरज सर्वांत अधिक असते.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांच्या एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यांतील मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे महाराष्ट्राचेच सुपुत्र. आणीबाणींतील १९७६ च्या ज्या निकालांत त्यांच्या वडिलांचें मत होतें, तो चुकीचा होता असें त्यांनीं याच निकालपत्रांत स्पष्ट लिहिलें. पुढें २०२३ मध्यें माहिती-संरक्षणाचा कायदा झाला. संमति मोकळेपणानें, विशिष्ट कारणापुरती व समजून-उमजून दिलेली असावी. संमतीची विनंती इंग्रजीप्रमाणेंच राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील भाषांत, अर्थात् मराठींतहि, मिळावी. आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची खात्रीलायक संमति घ्यावी, असें तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, व मुख्य बंधनें पाळण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. कायदा झाला, तो वापरणारा नागरिक मात्र शाळेंतच घडवावा लागेल.

तेव्हां आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या यंत्रांतील गोपनीयतेचें पान वडील माणसांसह एकदां उघडून पाहावें, जें ऐच्छिक असेल तें बंद करावें, व सुरक्षिततेची दुरुस्ती मात्र कधींहि टाळूं नये. दुसरी, ज्या शाळांत जुने संगणक अपात्र म्हणून अडगळींत जाणार असतील, त्यांनीं लिनक्सचा विचार करावा. तिची आज्ञावली कोणासहि वाचून तपासतां येते. केरळांतील सरकारी शाळा गेलीं कित्येक वर्षें तिच्यावर शिकवीत आहेत. जें त्यांस साधलें तें कोंकणास असाध्य नाहीं. तिसरी गोष्ट आम्हां शिक्षकांसाठीं आहे. 'अपार' क्रमांकासाठीं पालकांचें संमतिपत्र घरीं पाठवितांना 'येथें सही करा' एवढेंच सांगून भागूं नये. माहिती कोणती, कोणाकडे जाणार, आणि नको म्हटलें तर काय, हें मराठींत सांगावें, व नकार देणाऱ्या पालकाच्या मुलास कोणीहि वेगळ्या नजरेनें पाहूं नये. कंपनीनें आमच्याशीं जसें वागावें अशी आमची अपेक्षा आहे, तसें आम्हीं आधीं आपल्या विद्यार्थ्यांशीं वागलें पाहिजे.

मित्रहो, पुढील आयुष्यांत 'मान्य आहे' या शब्दांवर तुम्हांस हजारों वेळां बोट ठेवावें लागेल. प्रत्येक वेळीं सर्व मजकूर वाचणें होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु 'नको' म्हणण्याची जागा कोठें आहे, एवढें तरी प्रथम पाहत जा. ती सांपडली नाहीं, तर जें मागितलें जात आहे त्यास संमति म्हणतां येत नाहीं, हें ओळखा. आणि तसें मोठ्यानें म्हणावयास भिऊं नका.