खास सत्र चालू गिरणीत भरवा

यंत्र अभियांत्रिकीची परिषद भरते तेव्हा शोधनिबंधांच्या वाचनाबरोबर काही खास सत्रेही असतात. एखादा जाणकार विषय निवडतो, त्यावर काम करणाऱ्यांना बोलावतो आणि अर्धा दिवस त्याच प्रश्नावर खल होतो. जोडीला उद्योजकांशी संवाद, विद्यार्थ्यांच्या यंत्ररचनेच्या स्पर्धा, महिला अभियंत्यांचा मेळावा. नेहमीच्या सत्रात ज्याच्याकडे निबंध त्यालाच बोलायला मिळते. खास सत्रात मात्र प्रश्न आधी ठरतो, माणसे मागाहून. म्हणूनच माझी मागणी अशी की, यातले एक सत्र धानाच्या गिरणीला द्यावे आणि ते सौंदडसारख्या गावात, चालू गिरणीत भरवावे.

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले सौंदड मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरही. हा सारा पट्टा धानाचा, आणि इथला कारखाना म्हणजे राईस मिल. गिरणीत रबराचे दोन रोल उलटसुलट दिशांना, पण वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्या घर्षणाने दाण्यावरचे तूस सुटते. फट जास्त राहिली तर धान तसेच पुढे जाते, कमी झाली तर दाणा तुटतो. रोल झिजतो तशी फट बदलते, रबर तापते, आणि मिस्त्री हाताने चक्र फिरवून, खाली पडणारा माल तळहातावर घेऊन अंदाज बांधतो. धानात १४ टक्क्यांच्या आसपास ओल असली की भरडाई चांगली होते. खूप वाळलेल्या दाण्याने पुन्हा ओल धरली की त्याला आतून तडे जातात आणि पॉलिशरमध्ये त्याची कणी होते. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ द्यावा लागतो, आणि त्यात तुकड्यांची मर्यादा वर्षानुवर्षे २५ टक्के राहिली आहे. एवढा उतारा पडत नाही, ही गिरणीवाल्यांची जुनी तक्रार. तिची तड लावायला मुंबईत बैठका होतात, भरडाईच्या अनुदानावर घासाघीस होते. पण या वादातला मोठा भाग मोजमापाचा आहे. वाण कोणते, ओल किती, रोल किती झिजलेला, यावर तुकडा ठरतो; आणि हे मोजायची साधने व रीत यंत्र अभियंत्याकडेच आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, हे दुरुस्तीचे काम झाले, संशोधन नव्हे. मला हे पटत नाही. झीज, उष्णता, कंपन, ताण हे विषय परिषदांच्या यादीत दरवर्षी असतातच. फक्त ते बहुधा धातूच्या नमुन्यांवर तपासले जातात. आणि नवे ज्ञान सभागृहाबाहेर जन्मते याचा पुरावा याच रेल्वेमार्गावरच्या नागभीड तालुक्यात आहे. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या बांधीत पटेल-३ वाणातल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले आणि त्यातून एचएमटी धान उभे राहिले. त्यांच्याकडे निबंध नव्हता, निरीक्षण होते. तो बारीक दाणा न तोडता भरडायचा कसा, हा प्रश्न यंत्रशास्त्राने तितक्याच आदराने हाती घ्यायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्राध्यापकाची बढती आणि विद्यार्थ्याची पदवी निबंधावर अवलंबून असते. निबंध न देणाऱ्या सत्रासाठी कोण वेळ काढील? त्याला उपदेश करून भागणार नाही, व्यवस्था करावी लागेल. सत्रात नोंदलेली मोजमापे, गिरणीची मांडणी, मिस्त्रीने सांगितलेली लक्षणे यांचा अहवाल परिषदेच्या ग्रंथात निबंधाच्या बरोबरीने छापावा आणि त्यावर मिस्त्रीचेही नाव असावे. गिरणीवाल्यांकडून नोंदणीशुल्क घेऊ नये. बोलणे मराठीत व्हावे.

शेतकऱ्यांचे मेळावे होतच असतात, असेही कुणी म्हणेल. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली तेव्हा शेतकऱ्यांचे आणि आदिवासींचे वेगळे संमेलन झाले, आणि ते पाऊल चांगलेच होते. पण संमेलन वेगळे ठेवले की अभियंता आपल्या विभागात राहतो आणि शेतकरी आपल्या मंडपात. गिरणीचा प्रश्न अभियंत्यांच्या स्वतःच्या सत्रात, त्यांच्याच वेळापत्रकात यायला हवा.

राहता राहिला सोयीचा प्रश्न. सौंदडला मोठे सभागृह नाही, तारांकित हॉटेल नाही, हे खरेच. मुक्काम आणि निबंधवाचन नागपूरला किंवा गोंदियाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ठेवता येईल. एक दिवस पाहुण्यांची बस इकडे आली की झाले. मुहूर्ताचे म्हणाल तर, उत्पादन तंत्रज्ञानाची अखिल भारतीय परिषद २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली, यंत्ररचनाशास्त्राची २०१७ मध्ये मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात. दोन्ही डिसेंबरच्या मध्याला. नेमके तेव्हाच खरिपाचे धान चुरून खरेदी केंद्रांवर आलेले असते आणि भरडाईचा हंगाम असतो. त्या दिवसांत गिरणीवाला गिरणी सोडून पुण्याला जाऊ शकत नाही. मात्र रोल फिरत असताना, रबर तापलेले असताना, तुकडा किती पडतो हे मोजायला त्याहून चांगले दिवस अभियंत्यांना मिळणार नाहीत.