फोनमधला फोटो म्हणजे स्कॅन नव्हे

चांदूर रेल्वेच्या नावातच रेल्वे आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा सोडल्यावर थोड्याच वेळात हे स्टेशन येते. तालुक्यात कुणाच्या डोक्याला मार लागला, कुणाचा एक हात अचानक लुळा पडला, तर मोठ्या तपासणीसाठी अमरावती आणि मोठ्या उपचारासाठी नागपूर, हा वर्षानुवर्षांचा ठरलेला रस्ता. अलीकडे मात्र रुग्णाच्या आधी त्याचे चित्र पुढे पोहोचते. नातेवाईक एक्स-रेची किंवा सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरतो, मोबाइलने फोटो काढतो आणि ओळखीच्या डॉक्टरला पाठवतो. पाच मिनिटांत उत्तर येते. कधी त्या उत्तराने जीव वाचतो. कधी ‘काही विशेष दिसत नाही’ एवढ्या चार शब्दांवर रुग्ण घरी थांबतो आणि तेच महागात पडते.

यात चूक फोटो पाठवणाऱ्याची नाही आणि बहुतेक वेळा पाहणाऱ्याचीही नाही. अडचण अशी, की पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजेच मूळ तपासणी, असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात यंत्रातून निघालेली माहिती डोळ्यांपर्यंत येईस्तोवर अनेक सॉफ्टवेअरांच्या हातून जाते आणि प्रत्येक हात त्यातले थोडे काढून घेतो किंवा आपले थोडे घालतो. ही सॉफ्टवेअरे अत्यंत हुशार माणसांनी लिहिली आहेत. पण त्यांतली बरीचशी दूरचित्रवाणी, चित्रपट आणि छायाचित्रे यांच्यासाठी घडली. डोळ्याला चित्र छान दिसावे, हा त्यांचा हेतू. डॉक्टरचा प्रश्न वेगळा असतो.

सीटी स्कॅनपासून सुरुवात करू. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. पुढे १९७९ मध्ये त्यांना अॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळाले. हे यंत्र फोटो काढत नाही. शरीराच्या प्रत्येक लहानशा ठिपक्याला ते एक आकडा देते. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, हाड म्हणजे कित्येक शे किंवा त्याहून वर. अशा चार हजारांच्या आसपास पायऱ्या असतात. साधा पडदा मात्र पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २५६ छटाच दाखवतो. म्हणून तज्ज्ञ एकाच स्कॅनवर निरनिराळ्या ‘खिडक्या’ उघडतो. मेंदू पाहताना शून्य ते ८० एवढीच पट्टी सगळ्या छटांमध्ये पसरवतो, फुप्फुस पाहताना दुसरी, हाड पाहताना तिसरी.

फिल्मवर ही खिडकी कायमची गोठते. जी छापली तेवढीच. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत मेंदूच्या राखाडी आणि पांढऱ्या भागांमधला मूळचाच जेमतेम दहाएक एककांचा फरक पुसट होऊ लागतो. ती पुसटशी खूण संगणकावर खिडकी अरुंद करून शोधावी लागते. फिल्मच्या फोटोत ती दिसेलच असे नाही. आणि गाठ विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच द्यायचे असते.

आता फोनकडे येऊ. फोटो साठवताना आणि पाठवताना तो लहान केला जातो. याच्या मुळाशी एका भारतीयाची कल्पना आहे. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शिकवत असताना त्यांनी चित्राला लहरींच्या बेरजेत मांडण्याची एक पद्धत सुचवली. त्यासाठी मागितलेला निधी त्यांना नाकारण्यात आला होता. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९२ साली आलेले ‘जेपेग’ हे छायाचित्रांचे मानक त्यावरच उभे राहिले. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येकातल्या ठळक लहरी ठेवायच्या आणि डोळ्याला सहसा न जाणवणाऱ्या बारीक लहरी टाकून द्यायच्या. लग्नाच्या फोटोत कुणाचे काही बिघडत नाही. पण केसाएवढी हाडाची भेग, किंवा छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाची कडा दाखवणारी बारीक रेघ, हीसुद्धा बारीक लहरच असते. मेसेजिंग अॅप फोटो आणखी आकसवते, तो पुढे ढकलला की पुन्हा आकसतो, आणि प्रत्येक वेळी अशा रेघा आधी जातात.

वऱ्हाडातल्या वाचकाला हा फरक जिनिंग-प्रेसिंगच्या उदाहरणाने लगेच कळेल. प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधली, तर गाठ सोडल्यावर रुई पुन्हा जशीच्या तशी मिळते. जिनमध्ये मात्र सरकी वेगळी होते; एकदा निघालेली सरकी बोंडात परत बसवता येत नाही. फाइल लहान करण्याचेही हेच दोन प्रकार. एकात माहिती फक्त दाबली जाते, दुसऱ्यात काढून टाकली जाते. रुग्णालयांसाठी १९९३ पासून प्रचलित असलेल्या ‘डायकॉम’ या मानकात दोन्हींची सोय आहे. मात्र माहिती काढून चित्र लहान केले असेल, तर तशी नोंद फाइलमध्येच करावी लागते. फोनवरून आलेल्या फोटोवर अशी कोणतीही चिठ्ठी नसते.

हलत्या चित्रांची गोष्ट आणखी वेगळी. मुंबई आयआयटीतून १९६७ मध्ये पदवी घेतलेले अरुण नेत्रावळी अमेरिकेत बेल लॅब्समध्ये गेले आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. दर क्षणाला संपूर्ण चित्र पाठवण्याऐवजी मागच्या चित्रातला कोणता भाग कुठे सरकला एवढेच कळवायचे, या तंत्रावर त्यांनी सहकाऱ्यांसह १९७० च्या दशकात पायाभूत काम केले. भारत सरकारने २००१ साली त्यांना पद्मभूषण दिले. आज मोबाइलवर क्रिकेटचा सामना दिसतो किंवा व्हिडिओ कॉलवर नातवंडांचे तोंड दिसते, त्यामागे हेच तत्त्व आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की पडद्यावरची बहुतेक चित्रे ही मागच्या-पुढच्या चित्रांवरून बांधलेला अंदाज आणि त्यात केलेली दुरुस्ती असतात. नेटवर्क कमी पडले की दुरुस्तीत काटकसर होते. हृदयाच्या टूडी इकोमध्ये झडपेला चिकटून फडफडणारी जंतूंची बारीकशी गाठ असते, तेव्हा डॉक्टरला नेमकी ती झटकन होणारी हालचाल पाहायची असते. पुढे ढकललेल्या क्लिपमध्ये तीच धूसर होण्याचा धोका असतो.

तिसरा टप्पा रंगीत त्रिमितीय चित्रांचा. सीटीच्या कापांवरून कवटी किंवा रक्तवाहिन्या जिवंत भासाव्यात अशा उभ्या करणाऱ्या पद्धती १९८० च्या दशकात आल्या. विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत शोधली. शरीराचे छोटे घन कल्पायचे, हाडाचा ठरवलेला आकडा प्रत्येक घनातून कुठून जातो ते पाहायचे आणि तिथे लहान त्रिकोण जोडत पृष्ठभाग तयार करायचा. पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, सिनेमातल्या संगणकीय चित्रांसाठी नावाजलेल्या पिक्सारच्या मंडळींनी पृष्ठभाग न बांधता संपूर्ण आकारमानच पारदर्शक रंगांत दाखवण्याची पद्धत मांडली.

अशी चित्रे शस्त्रक्रियेची आखणी करताना फार उपयोगी पडतात. नातेवाइकांवरही त्यांचा मोठा प्रभाव पडतो. रिपोर्टपेक्षा ते रंगीत चित्रच घरोघरी दाखवले जाते. पण त्यातला लाल-पिवळा रंग शरीराचा नसतो, सॉफ्टवेअरने दिलेला असतो. हाडाचा आकडा थोडा वर धरला, तर कवटीच्या पातळ हाडात नसलेली भोके दिसतात. पृष्ठभाग गुळगुळीत केला, तर असलेली भेग बुजते. म्हणून निदान सपाट करड्या कापांवरच होते. त्रिमितीय चित्र ते समजावून सांगते, त्याची जागा घेत नाही.

या शोधांच्या मालकीचीही एक बाजू आहे. मार्चिंग क्यूब्जला अमेरिकेत १९८७ साली पेटंट मिळाले आणि २००५ मध्ये त्याची मुदत संपली. मधल्या काळात ते टाळण्यासाठी संशोधकांनी घनाऐवजी चतुष्फलक वापरणारी पर्यायी पद्धत काढली. भारतात २००२ च्या दुरुस्तीनंतर पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट देता येत नाही. आज या बहुतेक मूळ युक्त्या सर्वांसाठी खुल्या आहेत. लॉरेन्सन यांनीच पुढे सहकाऱ्यांसोबत त्रिमितीय चित्रणाचे मुक्त सॉफ्टवेअर घडवले. तात्पर्य, मूळ डायकॉम फाइल उघडून पाहायला महागडे यंत्र लागत नाही. साधा संगणक आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. अंतिम निदानासाठी प्रमाणित पडदा हवा हे खरे, पण खिडकी बदलून पाहण्याची सोय तालुक्याच्या डॉक्टरलाही मिळू शकते. पैशाचे कारण इथे फारसे टिकत नाही. मूळ फाइल जपण्याची आणि पाठवण्याची सवय नाही, हे खरे कारण.

त्या सवयीअभावी रुग्णाला दुहेरी किंमत मोजावी लागते. फोटोवरून नक्की सांगता आले नाही, की पुढचे रुग्णालय स्कॅन पुन्हा करते. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग जातो, म्हणजे छातीच्या शंभरेक एक्स-रेंएवढा. गरज असेल तर तो योग्यच आहे. पण पहिली फाइल सोबत आणली नाही म्हणून पुन्हा किरणे घ्यायची आणि पुन्हा पैसे भरायचे, याचे समर्थन होत नाही.

याचा अर्थ फोनवरचा फोटो निषिद्ध ठरवावा असा नाही. मेंदूतला मोठा रक्तस्राव, सरकलेले हाड, फुप्फुसाभोवती साठलेले भरपूर पाणी फोटोतही दिसते, आणि रुग्णाला कुठे हलवायचे हा निर्णय त्यामुळे तासभर आधी होतो. ग्रामीण भागात त्या तासाचे मोल मोठे आहे. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनीही दूरस्थ सल्ल्यासाठी चित्रे पाठवायला मान्यता दिली आहे. मात्र मिळालेली माहिती पुरेशी आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरवर ठेवली आहे. फोटोत आजार दिसला तर ते उपयोगाचे. फोटोत दिसला नाही, म्हणून आजार नाही असे समजणे धोक्याचे.

रुग्णाच्या घरच्यांना काही गोष्टी सहज करता येतील. स्कॅन झाल्यावर फिल्मसोबत डायकॉम फाइलची सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंक मागावी. उपचारांची कागदपत्रे मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, असे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत नमूद आहे. जुने स्कॅन फेकू नयेत. आजची सावली नवी की पाच वर्षांपूर्वीची, हे जुन्याशी ताडूनच कळते. फोनवरून पाठवायचेच असेल, तर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे अॅप त्याला आणखी आकसवत नाही. फिल्म सरळ धरावी, एकसारख्या उजेडात धरावी, आणि लेखी रिपोर्ट व रुग्णाची लक्षणे सोबत कळवावीत. चित्र ज्याला पाठवायचे त्यालाच पाठवावे. गावाच्या ग्रुपवर कुणाच्याही आजाराची जत्रा भरवू नये.

आरोग्य यंत्रणेने करायचे काम याहून मोठे आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर ज्या सी-डॅकचे संस्थापक, त्याच संस्थेने १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक देशाला दिला आणि पुढे तिच्या मोहाली केंद्राने ‘ई-संजीवनी’ उभारली. गावातल्या आरोग्य केंद्रावरून दूरच्या डॉक्टरशी बोलण्याची सोय आज त्यातून मिळते. म्हणजे जोडणी आहे, सॉफ्टवेअर आहे, ते घडवणारी माणसेही याच मातीतली आहेत. आता ग्रामीण रुग्णालयात काढलेला एक्स-रे मूळ फाइलीसह जिल्ह्याच्या रेडिओलॉजिस्टपर्यंत जावा आणि जपला जावा, हा नियम व्हायला हवा. त्याला जोडून एक अगदी बिनखर्ची सुधारणा: दूरस्थ सल्ल्याच्या प्रत्येक नोंदीत एक ओळ असावी, की मत मूळ फाइल पाहून दिले की फोटो पाहून. ही ओळ वाचणाऱ्या पुढच्या डॉक्टरला कळेल, की समोरच्या मतावर किती विसंबायचे आणि रुग्णाला रात्रीच हलवायचे की सकाळपर्यंत थांबायचे.

सॉफ्टवेअरने डॉक्टरला दुसऱ्याच्या शरीरात डोकावण्याची खिडकी दिली. त्या खिडकीच्या काचेचा दोष रुग्णाच्या माथी बसू नये, एवढी काळजी घेणे सगळ्यांच्याच हातात आहे.