उत्तेजन द्यावे, हिशेबही घ्यावा

माधवनगरच्या शिवारात उसाला पडणारा युरिया आणि समुद्रतळाखालचा नैसर्गिक वायू यांचे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पण युरियाचा प्रमुख कच्चा माल हा वायूच होय. अलिबागजवळचा थळचा खतकारखाना त्याच्याच आधारावर उभा राहिला. वायू महागला की खताचा उत्पादनखर्च वाढतो. गोणीची किंमत बांधून दिलेली असल्याने वाढीव बोजा सरकारी तिजोरीवर येतो. तेव्हा वायू-उत्पादकांना मिळणाऱ्या सवलतींचा हिशेब मागण्याचा अधिकार येथल्या शिक्षकाला व कारकुनालाही आहे.

सवलती देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. खोल समुद्रातील विहीर कोरडी निघाली तर खोदाईचा सारा पैसा बुडतो. ही जोखीम पत्करणाऱ्याला नफ्याची आशा दाखवावीच लागते. प्रश्न आहे तो उत्तेजन कशाला द्यावे, हा. मुंबईजवळच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता क्षेत्राचा १९९४ चा करार काय किंवा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील २००० चा करार काय, दोहोंत कंत्राटदाराने प्रथम आपला खर्च वसूल करावा आणि उरलेल्या नफ्यातून सरकारला वाटा द्यावा, अशी योजना होती. शिवाय उत्पन्न गुंतवणुकीच्या ठराविक पटीत गेल्यावरच सरकारचा वाटा वाढायचा. साहजिकच भांडवली खर्च जितका वाढेल, तितका तो मोठा वाटा लांबणीवर पडे. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात नेमक्या याच दोषावर बोट ठेवले. कृष्णा-गोदावरीतील २००४ चा सुमारे अडीच अब्ज डॉलरचा आराखडा २००६ मध्ये पहिल्या टप्प्यापुरताच पाच अब्जांपलीकडे गेला होता. व्यवस्थापन समितीवर सरकारचे प्रतिनिधी होते, तरी हे घडले!

२०१६ च्या धोरणाने नव्या करारांसाठी ही पद्धत सोडून थेट महसुलातील वाटा स्वीकारला, हे योग्यच झाले. मात्र २०२३ मध्ये सरकारी तेल कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतील नव्या विहिरींच्या वायूला २० टक्के अधिक दर देण्याचे ठरले. हेतू चांगला आहे. पण जुन्या विहिरीचा वायू नव्या विहिरीच्या नावावर चढणार नाही, याची खात्री कोण देणार? विहीरवार उत्पादन आणि दिलेला जादा दर यांचा तपासलेला तक्ता दरवर्षी संसदेपुढे आला पाहिजे. ज्या सवलतीचा हिशेब जनतेला पाहता येत नाही, तिला उत्तेजन म्हणणे कठीण आहे. तिला खिरापतच म्हणावे लागेल.